यामा काय शे?

निर्मला,

तू गेल्यावर घर स्वच्छ झालं. तुझ्या नव्हे, आक्काच्या भाषेत स्वच्छ. सुतक फिटलं त्या दिवशी माझ्या या थोरल्या बहिणीनं पदर खोचला आणि देवघरापासून संडासापर्यंत सगळ्या फरश्या फिनेलनं धुऊन काढल्या. पांढरं फिनेल, पाण्यात ओतलं की बादलीभर दूध होतं ते. तेवढ्यानं तिचं भागेना, म्हणून हॉलमध्ये उदबत्त्यांचा जुडगा लावला आणि बाथरूममध्ये निळी वडी टांगली. आपल्या पल्लवीनं पुण्याहून येताना कसला तरी मोगऱ्याचा फवारा आणला होता, तो तिनं पडद्यांवर मारला. येणारी माणसं दारातच लांब श्वास घेऊन म्हणत होती, घर कसं प्रसन्न वाटतंय. मी खुर्चीत बसून होतो आणि मला दुसऱ्याच कुणाच्या घरी मुक्कामाला आल्यासारखं वाटत होतं.

हे कुणाला सांगायचं? जेल रोडवरच्या या फ्लॅटमध्ये असल्या गोष्टी ऐकून घेणारं एकच माणूस होतं. म्हणून तुलाच सांगतो आहे.

आपलं वासाचं भांडण तसंच राहिलं बघ. मी म्हणायचो, घराला वास हवा. बाहेरून दमून आलेल्या माणसाला आत पाऊल टाकताक्षणी कळलं पाहिजे की कुणीतरी झाडलंय, पुसलंय, आपली वाट बघितलीय. तू म्हणायचीस, स्वच्छ घराला वास नसतो. मी म्हणायचो, नाव निर्मला आणि घरात फिनेलचा थेंब नाही, शोभतं का हे? त्यावर तू भाषेचाच मुद्दा काढलास. ‘आपण वास येतोय म्हणतो तेव्हा नाक का हो दाबतो? नुसता वास म्हटलं की तो वाईटच. चांगला असेल तर वर सु लावावा लागतो. म्हणजे आपल्या लोकांना पहिल्यापासून ठाऊक आहे, कसलाच न येणं हेच बरं.’ शाळेत मराठीला माझ्यापेक्षा तुलाच जास्त मार्क असणार.

याची सुरुवात कुठून झाली ते तुला आठवत असेलच, पण मला पुन्हा आठवायचंय. दिवाळीची साफसफाई. पल्लवी तेव्हा शाळेत जाणारी, आत झोपलेली. तू बाथरूमच्या फरशीवर ॲसिड ओतलंस, डाग हटेनात म्हणून त्यावर ब्लीचिंग पावडर भुरभुरलीस, आणि तिची झोप मोडू नये म्हणून दार लावून घासायला बसलीस. मी बाहेर पेपर वाचत होतो. दाराच्या फटीतून तो वास आला आणि मी पेपर टाकून धावलो. माझी सगळी नोकरी एकलहऱ्याला, वीजकेंद्रात पाणी शुद्ध करायच्या विभागात गेली. क्लोरीनचा वास मला झोपेतसुद्धा ओळखू येतो. दार ढकललं, तुझ्या दंडाला धरून ओढत गॅलरीत आणलं. तुझे डोळे लाल, छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

घाबरलेला माणूस ओरडतो तसा मी ओरडलो. ‘हा वास आला की आमच्याकडं भोंगा वाजतो. माणसं तोंडाला मुखवटे चढवून, वारा कुठला ते बघून पळतात. आणि तू दार लावून बसलीस?’

तू कठड्याला धरून खोकत होतीस. खोकला जरा थांबल्यावर म्हणालीस, ‘तुम्हाला भोंगा आहे. मला काय आहे?’

एवढंच. मग आत जाऊन, नाकाला पदर लावून, दोन्ही वस्तू बाहेर आणल्यास, माझा जाड भिंगांचा चष्मा डोळ्यांवर चढवलास आणि बाटली उलटीसुलटी करून विचारलंस, ‘यामा काय शे?’

तू सटाण्याची. नाशकात आल्यावर माझ्या माणसांसमोर तू अगदी पुस्तकी बोलायचीस. पण राग आला, शंका आली किंवा फार आनंद झाला की आतली सटाण्याची अहिराणी बाहेर यायची. यामा काय शे, यात काय आहे. त्या दिवशी ते शंकेनं आलं आणि मग घरातून गेलंच नाही. साबणाच्या वडीला, पल्लवीच्या शाम्पूला, माझ्या भावानं कौतुकानं आणलेल्या गाडीतल्या अत्तराला, सगळ्यांना तो एकच प्रश्न. किराणा दुकानातला पोरगा तू दिसलीस की आधीच वस्तू उलटी करून मागची बारीक अक्षरं तुझ्यासमोर धरायचा. सायकलवरून सुटं फिनेल विकणारा आपल्या गल्लीत यायचा बंद झाला तो तुझ्यामुळं. कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत भरून विकायचा तो. ‘उद्या एखादं लेकरू तोंडाला लावेल, मग कुणाला धरायचं?’ असं तू त्याला भर रस्त्यात विचारलंस आणि मी ओळख नसल्यासारखा पुढं चालत राहिलो.

लोकांना वाटायचं तू एका दिवसात घर रिकामं केलंस. तसं काही झालं नाही. ॲसिड तेवढं लगेच गेलं. बाकी सगळं संपेल तसं. फिनेल संपलं, पुन्हा आणलं नाहीस. साधं साबणाचं पाणी आणि मग नुसतं पाणी. डासांची कॉइल संपली, तर खिडक्यांना जाळ्या मारून घेतल्यास आणि पलंगावर मच्छरदाणी बांधलीस. मी आत बसून पोपटासारखी शीळ घालायचो. ज्या काळ्या नॉनस्टिक तव्याचे पोपडे डोशाला चिकटून येत होते तो गेला आणि माहेरचा बिडाचा तवा आला. पहिले कितीतरी दिवस डोसा अखंड निघाला नाही, आणि मी ताटात बघून ‘आज चिवडा का?’ असं विचारायचो. तू सराटा माझ्या दिशेनं हलवून दाखवायचीस. मग तवा तयार झाला, आणि आता मी कुठल्याही हॉटेलातला डोसा खाऊ शकत नाही. हे तुला मी सांगितलं होतं का? बहुतेक नाही. सांगायला हवं होतं.

तुझं मला आवडायचं ते हे की तू त्याचा सोवळेपणा केला नाहीस. वरच्या मजल्यावरच्या त्या बाई हिरव्या बाटलीतलं काहीतरी घेऊन आल्या होत्या, आठवतंय? ‘एकदम नॅचरल, हर्बल, काळजीच नको.’ तू चहा दिलास, बाटली नीट वाचलीस आणि शांतपणे म्हणालीस, ‘कण्हेर बी नैसर्गिकच शे.’ त्या चहा अर्धा टाकून गेल्या. मी आत जाऊन हसलो. पाहुण्यांच्या घरी गेलीस तर त्यांच्या उदबत्तीला नाक मुरडलं नाहीस, फक्त खिडकीशेजारची खुर्ची धरायचीस. माझा सकाळचा खोकला कधी गेला, मला कळलंच नाही. कॉइल बंद झाली म्हणून गेला की नोकरी संपली म्हणून, देव जाणे. तू कधी त्याचं श्रेय घेतलं नाहीस. मीही दिलं नाही. आज देतो.

तुझ्या या सगळ्या कारभारातून एकच वस्तू सुटली, माझं दाढीनंतर लावायचं ते झोंबरं पाणी. आरशामागच्या फळीवरची ती बाटली. लग्नाच्या आधीपासून मी तेच लावत आलो. एकदा तू ती उचललीस, चष्मा लावलास, माझा जीव टांगणीला लागला. प्रश्न येणार म्हणून मी तोंडाला फेस तसाच ठेवून उभा. तू बाटली वाचलीस, परत फळीवर ठेवलीस आणि म्हणालीस, ‘राहू द्या एवढी. तुम्ही आलात हे मला कळतं.’ खरंच, लॅचची किल्ली फिरवून मी आत आलो की तू स्वयंपाकघरातून, मागं न बघता, ‘आलात का?’ म्हणायचीस. मला वाटायचं तुझे कान तिखट आहेत.

मग ती दुपार. मेथी निवडत होतीस. मी बाहेरून पडवळ की दोडका असलं काहीतरी विचारलं, तू उत्तर दिलं नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय, काही कळलंच नसेल त्यांना. तुला कळलं नाही हे बरंच झालं. मला अजून कळत नाही.

रामकुंडावर अस्थी सोडून आलो त्या संध्याकाळी आक्का माझ्याशेजारी बसली. रडून तिचा आवाज बसला होता. म्हणाली, ‘आरं, एवढं जपलं तिनं. ह्ये नको, ते नको, कशाला हात लावू दिला नाय. काय उपेग झाला? आमी सगळ्या फिनेलवाल्या जित्त्या हाय, आन तीच गेली.’

मला इतका राग आला की मी उठून गॅलरीत गेलो. आक्कावर नव्हता राग. तिचा प्रश्न माझाच होता, तिनं फक्त तोंडावाटे काढला. गॅलरीत उभं राहिल्यावर मला तुझं उत्तर आठवलं, कारण हेच तुला मी एकदा चिडवायला विचारलं होतं. म्हटलं होतं, हे सगळं करून काय अमरपट्टा मिळणार आहे? तू धुतलेले ग्लास पालथे घालत म्हणालीस, ‘मरायचं तर आहेच हो. पण तोवर खोकायचं कशाला?’ मी आत येऊन आक्काला ते जसंच्या तसं सांगितलं. ती रडता रडता हसली. ‘लय वंगाळ तोंडाची होती,’ म्हणाली. तुझं याहून चांगलं कौतुक त्या दिवसांत कुणी केलं नाही.

पण निर्मला, मी तुला लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

पाहुणे गेले, पल्लवी पुण्याला गेली, आक्का सायखेड्याला परतली. घर शांत झालं आणि मला तू हवी झालीस. फोटोतली नको होतीस. तो भिंतीवर आहेच, आणि त्यातली बाई कुणाच्या तरी लग्नाला निघालेली दिसते. मला दुपारी शेजारी आडवी झालेली तू हवी होतीस. म्हणून मी तुझं कपाट उघडलं. म्हटलं, साडीला नाक लावीन, तिथं तरी भेटशील.

आतून डांबरगोळ्यांचा भपकारा आला. डोळ्यांत पाणीच आलं, आणि ते रडण्याचं नव्हतं. सगळ्या साड्या धुतलेल्या, त्याही कुठल्या तरी फुलांच्या वासाच्या द्रावणात. कडक घड्या, आणि प्रत्येक घडीत दोन-दोन पांढऱ्या गोळ्या. कोपऱ्यातली तुझी वेखंडाची पुरचुंडी कुठं दिसेना. मी आक्काला फोन केला. ती म्हणाली, ‘आरं, कसर लागंल ना. लय जपल्या व्हत्या तिनं साड्या. म्हणून मीच धुतल्या, हातानं, मशिनीत नाय टाकल्या. ती पुरचुंडी पार जुनी झालती, टाकली.’ तिच्या आवाजात एवढी माया होती की मी ‘बरं केलंस’ म्हणालो. फोन ठेवून पलंगावर बसलो. तू दारापाशीच वाचून जी वस्तू परत पाठवली असतीस, ती तुझ्याच साड्यांत जाऊन बसली होती, आणि तीसुद्धा तुझ्यावरच्या प्रेमापोटी.

दुसऱ्या दिवशी रविवार कारंजावरच्या त्या काष्ठौषधींच्या दुकानात गेलो. वेखंड मागितलं. दुकानदारानं माझ्याकडं, मग माझ्या मागं बघितलं. ‘काका, आज एकटेच? ताई नाही आल्या? त्या, काय शे वाल्या?’

मी म्हणालो, ‘सटाण्याला गेल्यात.’

का म्हणालो मला माहीत नाही. त्यानं वेखंडाच्या कांड्या कागदात बांधल्या आणि वर सांगितलं, ‘त्यांना म्हणावं, या वेळचा माल चांगलाय, वाचायला काही नाही याच्यावर.’ मी हो म्हणालो, सांगतो. सांगितलं बघ.

गोळ्या वेचून घट्ट झाकणाच्या बरणीत भरल्या. साड्या गच्चीवर नेल्या. कडक उन्हात शालूचा रंग उडतो हे तू बजावलेलं आठवलं, म्हणून पाण्याच्या टाकीच्या सावलीत दोरी बांधली. रोज सकाळी वर, संध्याकाळी खाली. शेजारपाजारचे काही विचारत नाहीत. नवीन विधुराला एवढी सूट असते. कडुनिंबाचा पाला आणला, तो नीट वाळवला नाही, बुरशी धरून काळा पडला. पुन्हा आणला. या वेळी सावलीत, हातात घेतल्यावर चुरचुरेपर्यंत वाळवला. माझ्या जुन्या धोतराच्या तुकड्यात वेखंड आणि पाला बांधला. गाठ तुझ्यासारखी येत नाही.

डांबर हळूहळू गेलं. फुलांचं द्रावण त्याहून चिवट, पण तेही गेलं. मी साडी तोंडाशी धरली, डोळे मिटले, आणि तिथं काही नव्हतं. तू नव्हतीस.

तेव्हा मला पहिल्यांदा तुझा खरा राग आला. माझ्याबरोबर नोकरीला असलेला एक जण आहे, त्याची बायको गेली तेव्हा त्यानं दुकानातून तिच्या पावडरचा डबा आणला. उघडतो, हुंगतो, झाकण लावतो. मी काय आणू? तू पावडर लावली नाहीस, अत्तर नाही, वासाचं तेल नाही. केस शिकेकाईनं धुतलेस आणि उन्हात वाळवलेस. अमुक वास म्हणजे तू, असं बोट ठेवायला तू मला काहीच ठेवलं नाहीस. इतकी वर्षं मी तुझ्याशेजारी झोपलो आणि तुझा वास कसा होता हे मला कुणाला सांगता येणार नाही. मी गच्चीवर टाकीला पाठ टेकून बसलो आणि मोठ्यानं म्हणालो, थोडं काहीतरी ठेवायचं होतंस ग.

मग घरात जे उरलं होतं ते काढायला लागलो. रागानंच म्हण. बाथरूमची निळी वडी काढली. पडदे उतरवून साध्या साबणानं धुतले. फरशी नुसत्या पाण्यानं पुसली, गुडघे बोलले तरी पुसली. उदबत्तीऐवजी देवापुढं तेवढी समई. जाळ्यांच्या खिडक्या दिवसभर उघड्या. आक्काचं उरलेलं फिनेल तिच्याच पिशवीत बांधून ठेवलंय; पुढच्या वेळी आली की तिला काय सांगायचं ते तू सुचव.

आज सकाळी दाढी केली. तू गेल्यापासून दाढी कशीतरीच चालली होती आणि ती बाटली फळीवर तशीच होती. हातात घेतली. वाटलं, एवढा सगळा वास घराबाहेर काढला, मग हा माझा तरी कशाला? झाकण उघडावं की टाकून द्यावी, असा उभा होतो. मग तुझं वाक्य आठवलं, राहू द्या एवढी. थोडं हातावर घेऊन गालांना लावलं. नेहमीसारखं झोंबलं. फिरायला गेलो. येताना मेथी दिसली, घेतली नाही, दोडका घेतला.

लॅचची किल्ली फिरवली आणि दार उघडलं.

घराला कसलाच वास नव्हता. फिनेल नाही, चंदन नाही, मोगरा नाही, डांबर नाही. मी चप्पल न काढता तसाच उंबऱ्यात थांबलो. पुन्हा श्वास घेतला, काही नाही. आणि त्या काहीच नसण्याची मला ओळख पटली. याच हवेत मी रोज संध्याकाळी दमून परत येत होतो. हेच घर, पिशवी टेकवायच्या आधी, शर्टाचं बटण सैल करायच्या आधी माझ्या छातीत शिरायचं, आणि मी मूर्ख म्हणत राहिलो की घराला वास हवा. निर्मला, तू ठेवलं होतंस. मी साड्यांत शोधत होतो.

माझ्या गालांचा वास तेवढा माझ्या आधी आत गेला असणार. स्वयंपाकघरातून कुणी ‘आलात का?’ म्हणालं नाही. मी थोडा वेळ वाट बघितली, हे तुला सांगायला लाज कसली?

तुझी भाषा मी कधी बोललो नाही. तू शिकवायचीस, मी मुद्दाम वेडीवाकडी बोलायचो, तू हसून हसून बेजार व्हायचीस. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या बोलीत या घरात कुणी तुला दिलंच नाही. आज दोडक्याची पिशवी हातात धरून, उघड्या दारात, रिकाम्या हॉलकडं बघत मी ते मोठ्यानं दिलं. चुकलं असेल तर हस, आणि मग नीट कर.

यामा तू शे.